वाहून गेलेल्या म्हशीचं मढं कुठून दाखवायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ आणि सोलापूरच्या दोन्ही तालुक्यांतले काठावरचे गोठे धुऊन नेले. मेलेल्या जनावरांसाठी सरकारी मदतीचे दर तेव्हा ठरलेले होते: दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000, वासराला 20,000, शेळी-मेंढीला 4,000. तीनच मोठ्या जनावरांना मदत ही अटही सरकारने त्या वेळी काढली, हे बरंच झालं. या पैशात सांगोल्याच्या बाजारात चांगली पंढरपुरी म्हैस मिळत नाही, ते सोडा. माझं म्हणणं पुराव्याबद्दल आहे.

वीज पडून म्हैस मेली तर ती जागेवर असते. डॉक्टर येतात, शवविच्छेदन होतं, कानातला बिल्ला बघतात, तलाठी पंचांच्या सह्या घेतात. पुरात तसं नसतं. आमच्या वस्तीवर एका ताईंच्या दोन म्हशी आणि एक गाय होती. पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा त्यांच्या दिराने अंधारात विळ्याने दावी कापली. गाय खालच्या उसाच्या फडात अडकून मेलेली सापडली, तिचा पंचनामा झाला. म्हशी गेल्या त्या गेल्याच. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं, मढं कुठंय? आता सीनेत गेलेली म्हैस कुठं लागली असेल, भीमेत की थेट कर्नाटकात, ते त्या कशा सांगणार?

मी गावात दूध संकलन केंद्र चालवतो. सकाळ-संध्याकाळचं दूध, त्यातलं फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सगळं यंत्रातून नोंदलं जातं, दर दहा दिवसांनी बिल बँकेत जमा होतं. त्या ताईंच्या खात्यावर म्हशीच्या दुधाचा रकाना पुराच्या दिवसापासून कोरा आहे. अधिकाऱ्यांना खोट्या दाव्यांची धास्ती असते आणि ती अगदीच उगाच नाही, पण बँकेत आधीच जमा झालेलं दुधाचं बिल पुरानंतर कोण तयार करणार?

शिवाय बिल्ल्याची नोंद आहेच. जून 2024 पासून बिल्ला नसेल तर नैसर्गिक आपत्तीत मदत नाही, असा राज्याचा नियम आहे. मालकाच्या नावासकट बारा अंकी नंबर ऑनलाइन आहे. बिल्ला नाही म्हणून मदत नाकारता, मग बिल्ला असूनही मढ्यासाठी अडवायचं, हे कसं? बैल, भाकड गाई माझ्या वहीत नाहीत, हे खरं. पण लाळ्या-खुरकुताची लस टोचताना त्यांचेही नंबर दवाखान्यात नोंदवले जातात. शेळ्या-मेंढ्यांचं अवघड आहे, कारण बिनजमिनीच्या मेंढपाळाच्या सगळ्याच जनावरांना बिल्ले मिळालेले नसतात. तिथे सरपंच आणि शेजाऱ्यांचा जबाब धरावा लागेल.

शव न सापडल्यास बिल्ल्याची नोंद, आधीच्या दोन-तीन महिन्यांची दुधाची बिलं आणि पंचांचा जबाब पुरेसा मानावा, असा लेखी आदेश जिल्हा प्रशासनाने काढावा. तोंडी सांगून भागत नाही, कारण तलाठी बदलला की तोंडी आश्वासनही जातं. मढं नाही म्हणून बाजूला पडलेले अर्जही पुन्हा बघावेत. आमच्या केंद्राच्या नोंदी मागाल तेव्हा छापून देतो.

आपला,
एक दूध संकलन केंद्रचालक,
ता. मोहोळ, जि. सोलापूर