येळवशीची भज्जी

लातूर
जानेवारी २०२६

प्रिय दोस्ता,

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, तुझ्या शेतात जेवलो त्याला महिना होत आला, पण कडब्याच्या कोपीपुढचं ते एक वाक्य काही डोक्यातून जाईना. वहिनींनी तुझ्या पोराला ओल्या वाटाण्या-तुरीची भज्जी वाढली, आंबिलीचा गडू पुढं ठेवला. त्यानं दोन घास घेतले आन म्हणाला, "आई, फिकं लागतंय." तू तिथंच पेटलास. लातूरला जाऊन शेफारला म्हणालास. मी खाली मान घालून आंबील पीत बसलो, कारण ती भज्जी फिकी करण्यात माझाही हात आहे.

माझं दुकान ट्यूशनच्या पोरांवर चालतं, हे तुला ठाऊकच आहे. शेवटचा क्लास सुटतो साडेनऊला. मेसचा डबा मात्र सातलाच खोलीच्या कडीला टांगलेला असतो. तोवर चपात्या वाफेनं ओल्या होऊन एकमेकींना चिकटतात. पोरं झाकण उघडतात, पुन्हा लावतात आन माझ्याकडं येतात. पाच-दहाच्या पुड्या मी दाराला दोन्ही बाजूंनी तोरणासारख्या टांगल्यात. तुझा पोरगा रोज दोन नूडल्स आन एखादं चटपटीत पाकीट नेतो. किटलीत पाणी, पाच मिनिटं, पुस्तकातून नजर न काढता जेवण संपलं. उधारी माझ्याच वहीत आहे, म्हणून सांगतो.

परवा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली. वीस वर्षं विकतोय, वाचली पहिल्यांदाच! जे वजनानं जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे. आधी मैदा, मग पामतेल, मग मीठ, पुढं माल्टोडेक्स्ट्रिन नावाची स्टार्चची पूड आन ६२७, ६३१ असले नंबर. माझी पोरगी परभणीला कृषी विद्यापीठात फूड टेक्नॉलॉजी शिकते. तिला फोन लावला. ती म्हणाली, बाबा, ते नंबरवाले पदार्थ चव उठवायला घालतात. जिभेला रोज त्याची सवय लागली की भज्जीतल्या वाटाण्या-तुरीची गोडी कळेल कशी?

मी म्हणालो, प्रक्रिया तर आपल्या पापडाला, लोणच्यालाही असते. तर म्हणे ते वेगळं. ब्राझीलचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाचे प्रक्रियेवरून गट पाडायची कल्पना मांडली. घरच्या चुलीपाशी जे सापडत नाही ते घालून कारखान्यात बनलेला माल शेवटच्या गटात, अल्ट्रा प्रोसेस्ड. पाकिटावर ज्वारीच्या कणसाचं चित्र असलं तरी मागची यादी वाचायची.

मग तिनं एक प्रयोग सांगितला. २०१९ साली तो अमेरिकेत छापून आला. २० माणसांना महिनाभर एका ठिकाणी ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं खाणं, दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या ताटात साखर, मीठ, चरबी, चोथा म्हणजे फायबर दोन्हीकडं सारखाच. हवं तेवढं खा. कारखान्यातलं खाताना माणशी रोज ५०० च्या आसपास कॅलरी जास्त पोटात गेल्या. आपल्या दोन-अडीच भाकरी समज. वजनही जवळजवळ एक किलोनं वाढलं. असलं मऊ खाणं भराभर जातं, पोट भरल्याचं कळेपर्यंत पाकीट रिकामं. पुढं १८ ते २५ वयाच्या पोरांवरही तिकडं तसाच प्रयोग झाला. त्यात २१ पर्यंतची पोरं असलं खाणं दोन आठवडे झाल्यावर भूक नसतानाही खात राहिली. तुझा अठराचा आहे. म्हणून म्हणतो, शेफारला म्हणू नको.

आन गंमत बघ. सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत या मालावर जादा कर लावावा असं लिहिलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी बदलला आन बिस्कीट, नूडल्स, नमकीन सगळं पाच टक्क्यांवर आलं. मला पटलं नाही. पण माल मात्र मी दुप्पट भरला, हेही लिहितो.

तोरण काढणार नाही. काढलं तर पोरं पलीकडच्या दुकानात जातील, तुझाही जाईल. एवढं केलंय: दारात फुटाणे, शेंगदाणे आन चुरमुऱ्याचे डबे मांडलेत, पाच रुपयाला एक माप. पहिल्या आठवड्यात कुणी हात लावला नाही. आता चार-पाच पोरं न्यायला लागली आहेत. तुझा अजून नाही.

तू एक कर. वहिनींना धपाटे करायला सांग, चांगले कोरडे भाजलेले, आन शेंगदाण्याची चटणी. शनिवारच्या एसटीनं पाठव, मी स्टँडवर येतो. माझ्या गल्ल्यामागं तवा आहे; रात्री साडेनऊला तुझा पोरगा आला की दोन गरम करून देईन. त्याला फोनवर काही बोलू नको. चटणीत लसूण जरा जास्तच घालायला सांग, सुरुवातीला जीभ तेवढंच मागेल. मागचा पितळी डबा माझ्याकडंच आहे, तोही परत पाठवतो.

तुझाच,
किराणावाला