अग्रलेख विवेकाचा, जाहिराती वशीकरणाच्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवरचा 20 ऑगस्टचा आपला अग्रलेख वाचला. त्यातल्या एकाही वाक्याशी माझा वाद नाही. मे 2024 मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे निर्दोष सुटले, पण दाभोलकरांच्या खुनामागचा सूत्रधार अजून समोर आलेला नाही, हे आपण स्पष्ट लिहिलेत. बरे वाटले. मग त्याच अंकातले छोट्या जाहिरातींचे पान उघडले. करणी, भानामती, सवतीचा त्रास, प्रेमात अपयश, संतती, सगळ्यांवर 24 तासांत खात्रीशीर उपाय आणि खाली मोबाइल नंबर. दाभोलकरांच्या स्मृतिदिनी, त्यांच्यावरच्या अग्रलेखाच्याच अंकात!

माझा राग घरातून आलेला आहे. थोरल्या बहिणीच्या मुलीला शाळेत असताना फिट यायला लागल्या. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबल्या. बरे वाटतेय म्हणून गोळी चुकवायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. शेजारपाजारचे म्हणत, 'बाहेरचं काही असेल, दाखवून घ्या.' ताई शिकलेली आहे, तिने त्यांना दाद दिली नाही. तिने दाद दिली ती वर्तमानपत्राला. 'फिट, आकडी, बाहेरची बाधा कायमची बंद' अशी चौकट तिने ब्लेडने नीट कापून, घडी घालून मुलीच्या गोळ्यांच्याच डब्यात ठेवली होती. मी विचारले तर म्हणाली, "अरे, पेपरात आलंय. चौकशी केल्याशिवाय छापतील का ते?"

जाहिरातीतल्या बाबाने अंगारा दिला, दंडाला ताईत बांधला आणि गोळ्या थांबवायला लावल्या. गोळ्या चालू असतील तर माझा उपाय लागू पडणार नाही, असे त्याचे म्हणणे. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या की काय होऊ शकते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. एका पहाटे पोरीला फिटमागून फिट येत राहिली, मध्ये शुद्धच येईना. अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. सलाइन लावताना नर्सने तो ताईत कात्रीने कापला. आत कागदाची सुरळी आणि चिमूटभर राख होती. पोरगी वाचली. ताईच्या बांगड्या मात्र तोवर बाबाकडे गेल्या होत्या आणि लोक काय म्हणतील म्हणून पोलिसांत जायला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही.

मी कात्रण घेऊन त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. ते वर्तमानपत्र आपले नव्हे, हे आधीच सांगतो. जाहिरात विभागातल्या माणसाने पानाच्या तळाशी बोट ठेवले. तिथे बारीक अक्षरात होते, 'मजकुराची खातरजमा वाचकांनी स्वतः करावी.' तीच ओळ आपल्याही पानावर असते, संपादक महोदय.

एवढी ओळ छापली की सुटका होते, असे कलम मला तरी सापडलेले नाही. जादूटोणाविरोधी कायद्यात अघोरी प्रकार करणाऱ्याइतकाच त्याची जाहिरात आणि प्रचार करणाराही गुन्हेगार आहे. सहा महिने ते सात वर्षे शिक्षा, 5,000 ते 50,000 रुपये दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दैवी गुणांचा दावा करून ताईतासारखी यंत्रे विकणाऱ्या टीव्हीवरच्या जाहिराती याच कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. टीव्हीला एक न्याय आणि छापील पानाला दुसरा, असे आपल्याला वाटते का? जादूई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा केंद्राचा कायदा तर 1954 पासून आहे, आणि त्यातल्या आजारांच्या यादीत अपस्मारही, म्हणजे फिटचा आजारही आहे. 20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकरांचा खून झाला, 24 ऑगस्टला जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. एका माणसाच्या जिवावर मिळालेला हा कायदा आपल्याच जाहिरात विभागाला ठाऊक नसावा, याचे मला फार वाईट वाटते.

यावर कोणी श्रद्धेवर घाला म्हणून ओरडेल. मी नास्तिक आहे, ताई नाही. तिचे सोमवार, तिची पोथी यांवर मी कधी बोललो नाही आणि बोलणारही नाही. जादूटोणाविरोधी कायदाही बोलत नाही. पूजा, यात्रा, कीर्तन, भजन यांना त्याने स्पष्ट शब्दांत वगळले आहे. घटनेच्या 25 व्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य दिले तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. मुलीच्या गोळ्या बंद करायला लावणे कोणत्या धर्मात बसते, ते ओरडणाऱ्यांनी सांगावे.

आपल्या 20 ऑगस्टच्या अंकातली ती जाहिरात पुन्हा छापणार की नाही, एवढेच उत्तर मला हवे आहे. तिचे कात्रण सोबत जोडले आहे.

लिहितोच आहे तर आणखी एक. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या कमानीवर गेल्या वर्षी आपल्या सजावट स्पर्धेचा फलक होता आणि त्याच कमानीला लावलेले स्पीकर सवलतीचे दिवस नसतानाही रात्री 10 नंतर वाजत होते. ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्येच सांगितले आहे. यंदा वेळ न पाळणाऱ्या मंडळाला स्पर्धेतून बाद करा. ते तर पूर्णपणे आपल्याच हातात आहे.

पत्र छापलेत तर कृपया नाव देऊ नका. भाचीला आता फिट येत नाहीत, नोकरी करते, तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. 1999 मध्ये हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार नसावा ही अट काढून टाकली, पण पाहायला येणारी माणसे अजून तेच आधी विचारतात.

आपला,
एक नियमित वाचक