पर्यटन पुरवणीत ही एक ओळ छापाच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की तुमच्या पेपरची पर्यटन पुरवणी येते, त्यात फॅमिली टूर, हनिमून पॅकेज, सिनियर सिटिझन स्पेशल, फक्त बायकांच्या टूर असं सगळं असतं, व्हेज जेवण कुठे मिळेल इथपर्यंत लिहिलेलं असतं. पण दोन पुरुष किंवा दोन बायका जोडी म्हणून फिरायला निघाले तर त्या देशात कायदा काय म्हणतो, हे मी त्यात कधी वाचलेलं नाही. प्रत्येक देशाच्या माहितीत त्याची एक ओळ टाका, हे मागायला पत्र लिहितेय.

कारण घरचंच आहे. माझा धाकटा भाऊ आणि त्याचा जोडीदार ऐरोलीला एकत्र राहतात, आम्ही इकडे घोडबंदर रोडला. आई-बाबांना सगळं माहीत आहे, गणपतीची आरास ते दोघंच करतात, माझी मुलगी दोघांनाही मामाच म्हणते. यंदा बाबांची सत्तरी, म्हणून सगळ्यांनी मिळून परदेशात जायचं ठरलं, समुद्र हवाच आणि तो निळा हवा हा बाबांचा हट्ट, आणि प्लॅनिंग माझ्याकडे आलं.

बाबांनी आधी मालदीवच्या पानावर पेनने गोल केला होता. पाण्यावरची लाकडी घरं, खाली मासे दिसतात वगैरे. फोटो बघून मलाही मोह झाला पण मी सवयीने आधी कायदा शोधला, आणि तिथे दोन पुरुषांचे किंवा दोन बायकांचे संबंध हा चक्क गुन्हा आहे, तुरुंगवास आणि वर फटके अशी शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे. आईला श्रीलंका हवी होती, नुवारा एलियाजवळचं सीतेचं देऊळ बघायची तिची फार वर्षांची इच्छा. तिथे दंडसंहितेची ३६५ आणि ३६५-अ ही कलमं अजून आहेत, इंग्रजांनी ठेवून गेलेली, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या आपल्याकडच्या कलम ३७७ ची सख्खी भावंडंच. मलेशियात तर आकडासुद्धा तोच, ३७७, आणि शिक्षा २० वर्षांपर्यंत कैद आणि फटके. बालीचं पॅकेज तर हल्ली ठाण्यात कुठल्याही टूरवाल्याकडे गेलं की पहिलं पुढे करतात, पण इंडोनेशियात २ जानेवारी २०२६ पासून नवी दंडसंहिता लागू झालीय, तिच्यात लग्नाबाहेरचे संबंध गुन्हा ठरवलेत. तक्रार फक्त नवरा-बायको, आई-वडील किंवा मुलंच करू शकतात, त्यामुळे टुरिस्टला सहसा धक्का लागणार नाही असं म्हणतात, ते खरंही असेल. पण माझ्या भावाला तिथे काय, इथेही लग्न करता येत नाही, मग त्याने सुट्टीभर कायद्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं?

नौपाड्यातल्या एका टूरवाल्याकडे मी हे सगळं बोलले. त्याचं उत्तर होतं, मॅडम रिसॉर्टवर कोणी विचारत नाही हो, बिनधास्त जा. माणूस मनाने वाईट नव्हता, आणि रिसॉर्टवाले खरंच विचारत नसतील, त्यांना गिऱ्हाईक हवंय. पण सगळं सुरळीत चाललंय तोवरच कोणी विचारत नाही. पासपोर्ट हरवला, रूममधून पैसे गेले, दोघांपैकी एकाला मध्यरात्री हॉस्पिटलात न्यावं लागलं की पहिला प्रश्न हाच येतो, तुम्ही याचे कोण. आणि ज्या देशात खरं उत्तर दिलं तर आपणच गुन्हेगार ठरतो तिथे माणूस पोलीस स्टेशनची पायरी चढणार कसा? लुबाडला गेला तरी गप्प बसणार. मला माझा भाऊ असा गप्प बसलेला नकोय, निदान बाबांच्या सत्तरीच्या ट्रिपमध्ये तरी नकोच.

त्याच ऑफिसातला फॉर्म पण सांगते. रूमप्रमाणे नावं लिहायची, प्रत्येक रूमला दोन रकाने, हजबंड आणि वाइफ, तिसरा पर्यायच नाही. तिथल्या मुलीने भावाच्या रूमपुढे वाइफवर रेघ मारली, वर बारीक अक्षरात फ्रेंड लिहिलं आणि मला न विचारताच दोन वेगळे बेड असं टाकून दिलं. मी म्हटलं, अहो एक मोठा बेड हवाय त्यांना, तर तिने माझ्याकडे न बघता सरांकडे बघितलं. भाऊ शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही, फक्त पाण्याची बाटली उघडून बसला, आणि मला तेव्हा जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

शेवटी थायलंड ठरलं. आता थायलंड म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच हसू येतं, जणू तिथे दुसरं काही नाहीच. पण कायद्याचं बघा. समलिंगी संबंध तिथे १९५०च्या दशकातच गुन्ह्यातून काढले, २०१५ मध्ये लिंगावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा आला, आणि २३ जानेवारी २०२५ पासून दोन पुरुष किंवा दोन बायका रीतसर लग्न नोंदवू शकतात, आग्नेय आशियात पहिलाच देश. पहिल्याच दिवशी १८०० च्या वर जोड्यांनी लग्नं नोंदवली. वारसा, मूल दत्तक घेणं, हॉस्पिटलात जोडीदारासाठी सही करणं, सगळे हक्क त्यात आले. तिथल्या पर्यटन खात्याने अशा जोड्यांसाठी 'गो थाई बी फ्री' नावाची मोहीमच चालवलीय. सगळं गोड आहे असं नाही, ट्रान्स लोकांना कागदोपत्री लिंग बदलून मिळेल असा कायदा तिथे अजून नाही, आणि रस्त्यात मिठ्या मारणं, मुके घेणं कोणीच केलेलं तिथल्या लोकांना आवडत नाही, मग ते नवरा-बायको का असेनात. देवळात खांदे-गुडघे झाकून जायचं, कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, राजघराण्याबद्दल चेष्टेत पण बोलायचं नाही कारण त्याला मोठी शिक्षा आहे, आणि ई-सिगरेटला बंदी आहे. हे सगळं तुमच्या पुरवणीत येतं, बरं का, छान चौकट करून येतं. मग दुसरं यायला काय हरकत आहे?

थायलंडमधल्या क्राबीच्या एका हॉटेलला मी स्वतः ईमेल केला, साध्या शब्दांत, की दोन पुरुषांची जोडी आहे, एक मोठा बेड हवाय, सोबत म्हातारे आई-वडील आणि लहान मुलगी आहे. संध्याकाळी उत्तर आलं, एक किंग बेड कन्फर्म केलाय, आणि आजी-आजोबांना जिने नको म्हणून खालच्या मजल्यावरची रूम देऊ का? बस, एवढंच. मी तो ईमेल भावाला फॉरवर्ड केला तर त्याने रात्री फोन करून विचारलं, ताई खरंच असं लिहिलंय त्यांनी?

सीझनचं पण सांगते, कारण ते न बघता लोक मे महिन्यात तिकिटं काढतात. फुकेत-क्राबीच्या बाजूला आपल्यासारखाच नैऋत्येचा पाऊस, मे ते ऑक्टोबर, समुद्र खवळलेला, बऱ्याच बोटी बंद. कोह सामुई दुसऱ्या किनाऱ्याला, तिथे पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. यंदा दिवाळीच नोव्हेंबरात आहे, मुलीच्या शाळेला सुट्टी, म्हणून क्राबी. रायलेच्या बीचला रस्ताच नाही, लांब शेपटीच्या लाकडी बोटीनेच जावं लागतं आणि चढताना गुडघाभर पाण्यातून जायचं असतं, बाबांच्या गुडघ्यांना ते जमेल का याची घरात रोज चर्चा चालू आहे. जमलं नाही तर बाबा आओ नांगच्या किनाऱ्यावर बसतील, समोर समुद्र आहेच. व्हिसाचे नियम मधेमधे बदलतात, तेव्हा तिकिटाआधी थाई दूतावासाच्या साइटवर बघावं, आणि पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा ऑनलाइन अरायव्हल फॉर्म फुकट असतो, त्याचे पैसे मागणाऱ्या साइट खोट्या.

ग्रुप टूर का नाही घेतली असं आईच्या भिशीतल्या बायकांनी विचारलं. आपल्या मराठी ग्रुप टूरमध्ये पहिल्या दिवशी बसमध्ये माइक फिरतो ना, प्रत्येकाने उभं राहून आपली ओळख करून द्यायची, मी अमुक, हे आमचे मिस्टर, डोंबिवलीहून आलोय, आणि सगळे टाळ्या वाजवतात. मला तो प्रकार मनापासून आवडतो, आई-बाबांची तर त्यातून आयुष्यभराची ओळख झालेली माणसं आहेत. भावाला मात्र त्या माइकचंच टेन्शन. पुढे उभं राहून जोडीदाराला मित्र म्हणायचं की खरं सांगून आठवडाभर चाळीस लोकांच्या नजरा झेलायच्या, यातलं काहीच सुट्टीत नकोय म्हणाला. एखाद्या मराठी टूर कंपनीने हिंमत करून जाहीर लिहावं की आमच्याकडे सगळ्या जोड्यांचं स्वागत आहे. ठाणे, नवी मुंबई, पुण्यातून लोक येतील, आणि त्यांचे आई-वडीलही येतील.

कागदपत्रांचं सगळ्यात किचकट. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ मधून यांना मोकळं केलं पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क दिला नाही, त्यामुळे कागदावर हे दोघं एकमेकांचे कोणीच नाहीत. थायलंडचा कायदा तिथे लग्न करणाऱ्यांना हक्क देतो, यांना नाही. म्हणून दोघांनी एकेक इंग्रजी पत्र करून नोटरी केलंय, मी शुद्धीवर नसलो तर उपचाराचा निर्णय याने घ्यावा. परदेशी हॉस्पिटल ते मानेलच असं नाही पण हातात काहीतरी असलेलं बरं. ट्रॅव्हल इन्शुरन्स फॅमिलीचा मिळेना म्हणून वेगवेगळा काढला, इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये एकमेकांचं आणि खाली माझं नाव. बँकेचं मात्र सोपं झालंय, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ खात्याने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, तर ट्रिपचे पैसे त्यातूनच भरले. हे पण खूप जणांना माहीत नाही, ते पण छापा.

थायलंड एकटंच नाही. व्हिएतनाममध्ये हे संबंध गुन्हा नाहीत, लग्नाला मान्यता नसली तरी २०१५ पासून बंदीही नाही. सिंगापूरने त्यांच्याकडचं ३७७-अ कलम २०२२ मध्ये संसदेत रद्द केलं. सेशेल्सने २०१६ मध्ये. आणि मॉरिशस, जिथे रत्नागिरीकडून मजूर म्हणून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं आजही आहेत, शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, तिथल्या सुप्रीम कोर्टाने ४ ऑक्टोबर २०२३ ला या संबंधांना गुन्हा ठरवणारं जुनं कलम घटनाबाह्य ठरवलं. मे महिन्यात आपण घामाने निथळत असतो तेव्हा तिथे हवा छान कोरडी असते, शाळकरी मुलांच्या घरांना एकदम सोयीचं. मॉरिशसवर पुरवणीत पानंच्या पानं येतात, गंगा तलाव, उसाची शेतं, मराठी मंडळी, पण त्या निकालाचा शब्द नाही.

छापायचं म्हटलं तर अवघड काहीच नाही. देशाच्या नावाखाली चलन, हवामान, व्हिसा लिहिता तिथेच लिहायचं, थायलंड : समलिंगी लग्न कायदेशीर, २०२५ पासून. मालदीव : समलिंगी संबंध गुन्हा, शिक्षा आहे. इल्गा वर्ल्ड ही संस्था सगळ्या जगाचा कायद्यांचा नकाशा काढते, त्यात साठाच्या वर देशांत हा अजून गुन्हा आहे, आणि ब्रिटिश सरकारच्या प्रवास-सूचनांमध्ये प्रत्येक देशापुढे याची वेगळी माहिती असते. तुमच्या माणसाला अर्ध्या तासात सगळं मिळेल. मला ते मिळवायला रात्री जागाव्या लागल्या, आणि मला इंग्रजी येतं. कल्याण-पनवेलला बसून फक्त मराठी पेपर वाचणाऱ्या मुलाने किंवा मुलीने, जिने घरी पण सांगितलेलं नाही, तिने कुठे शोधायचं?

पत्र छापणार असाल तर नाव-पत्ता छापू नका, भावाने अजून ऑफिसात सांगितलेलं नाहीये. जागा कमी पडली तर आमच्या घरचं कापा, पण देश आणि त्यांचे कायदे तेवढे राहू द्या.

आपली नेहमीची वाचक,
ठाणे (पश्चिम)