खेड्यातल्या घरातील वहीबद्दल यजमानांना आभारपत्र

आदरणीय यजमान महोदय,

स. न. वि. वि.

सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या घरात सहसा किल्ल्या, सूचनांचा एक कागद आणि आसपासच्या प्रेक्षणीय स्थळांची रंगीत घडीपत्रिका एवढेच हाती येते. आपण त्यांच्या जोडीला स्वतःच्या अक्षरात लिहिलेली एक वही ठेवली होती आणि मुक्कामात आम्ही जे लक्षपूर्वक पाहिले, ते बहुतेक तिच्याच आधाराने पाहिले. त्याबद्दल मनःपूर्वक आभार. हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण इतकेच, की अशी घरे चालवणाऱ्या इतरांनाही आपली रीत कळावी.

ठिकाणांची यादी कोणीही देतो. आपण प्रत्येक ठिकाणापुढे तिथे जाण्याची वेळ लिहिली आहे आणि वहीचे खरे मोल त्यातच आहे. घरामागच्या टेकडीचेच पाहा. दुपारी ती झुडपांनी भरलेली एक सामान्य टेकडी असते, हे आपणच प्रांजळपणे नोंदवले आहे. मात्र रात्र निरभ्र आणि वाराहीन गेली असेल, तर सूर्योदयापूर्वी माथा गाठावा, असा आपला आग्रह आहे. अशा रात्री जमीन वेगाने निवते, तिला लागून असलेली थंड, जड हवा उतारांवरून घरंगळत दरीत साठते आणि हवेत पुरेसा ओलावा असल्यास तिथे धुके धरते, त्यामुळे माथ्यावरचा माणूस धुक्याच्या वर असतो, हे कारण आपण चार ओळींत इतके स्वच्छ मांडले आहे, की आम्ही आदल्या रात्री आकाश आणि वारा पाहूनच पहाटेचा बेत ठरवू लागलो. ऊन तापू लागले की हे धुके विरते, तेव्हा उशिरा उठणाऱ्यांनी टेकडीला दोष देऊ नये, हा आपला शेराही रास्त आहे.

पायवाटांची अंतरे आपण किलोमीटरऐवजी वेळात दिली, हेही फार सोयीचे झाले. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आपण वापरला असावा: सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईमागे एक तास अधिक. त्यात विश्रांती धरलेली नाही, म्हणून मुले बरोबर असल्यास वेळ दीडपट धरावा, ही आपली पुस्ती अनुभवाची आहे. शेतांमधली फाटके उघडी दिसली तर उघडी आणि बंद दिसली तर बंद ठेवावीत, ही सूचना तर पहिल्याच पानावर आहे आणि ती तिथेच हवी.

ओढ्याच्या पानाने मुलांचा सर्वाधिक वेळ घेतला. पाण्यातला दगड हलकेच उलटून त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव पाहावेत आणि दगड होता तसा परत ठेवावा, असे आपण लिहिले आहे. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या कीटकांच्या पाण्यात वाढणाऱ्या पिल्लांना भरपूर प्राणवायू असलेले स्वच्छ पाणी लागते, त्यामुळे ती विपुल आढळली तर ओढ्याची प्रकृती चांगली समजावी. कॅडिसफ्लायच्या अनेक जातींच्या अळ्या वाळूचे कण आणि काटक्यांचे तुकडे आपल्याच रेशमाने जोडून अंगाभोवती नळी बांधतात. अशी नळी चालू लागलेली पाहिल्यावर मुलांना तिथून हलवणे कठीण झाले. जुन्या कुंपणभिंतीवरच्या दगडफुलांविषयीची आपली टीप त्यामानाने त्रोटक आहे. बुरशी आणि शैवाल यांचे हे सहजीवन अतिशय सावकाश वाढते आणि त्याच्या कित्येक जाती हवेतील सल्फर डायऑक्साइड सोसू शकत नाहीत, एवढे तरी तिथे लिहावे, अशी विनंती.

रात्रीच्या आकाशाबद्दल मात्र आपण हात राखून लिहिलेले नाही. डोळे अंधाराला नीट सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की तो सराव मोडतो, म्हणून दिवा लागलाच तर मंद आणि तांबडा वापरावा, हे सांगून आपण दाराशी तांबडा कागद लावलेली विजेरीही टांगून ठेवली होती. चंद्र नसलेल्या रात्री आपण दिलेल्या खुणांवरून देवयानी दीर्घिका आम्हाला नुसत्या डोळ्यांनी सापडली. तो अंधूक पुंजका दाखवून माझ्या मुलीला सांगता आले, की हा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला, म्हणजे आपली मानवजात अस्तित्वात येण्याच्याही कितीतरी आधी. गुरूचे जे चार चंद्र गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले, ते साध्या द्विनेत्रीतून दिसतात, पण हात स्थिर हवा. त्यासाठी कोपरे कुंपणावर टेकवण्याची आपली युक्ती कामी आली.

पावसाळी दिवसांसाठी आपण फारसे काही सुचवलेले नाही आणि ते मला योग्यच वाटते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ गेला तर घरात यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, ही एक सूचना पुरेशी आहे. गाडीने जायच्या प्रसिद्ध स्थळांना आपण शेवटचे अर्धे पान दिले आहे. आमच्याकडून त्यांतले एकही पाहणे झाले नाही आणि त्याची खंतही नाही.

एक सूचना करतो. आकाशाच्या पानावर त्या-त्या वर्षीच्या अमावास्यांच्या तारखा लिहून ठेवल्यास लोकांना त्या पाहून आरक्षण करता येईल. येण्यापूर्वीच त्या कळवल्या तर अधिक उत्तम. वहीच्या मागील कोऱ्या पानांवर आम्हाला ओढ्यात काय आणि कोणत्या जागी आढळले, ते माझ्या मुलीने चित्रांसह नोंदवले आहे. त्यातली नावे आपण एकदा तपासून घ्यावीत, म्हणजे पुढच्या पाहुण्यांना ती खात्रीने वापरता येतील.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
एक पाहुणा