स्वारगेट सोडताना

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

सामान बांधून होत आलंय. ‘रावेतच्या घरापासून गहुंजे स्टेडियम जवळ आहे’ हे आमिष तू मला पुन्हापुन्हा दाखवलंस. त्यावर फोनवर काही बोलले नाही, म्हणून हे पत्र.

काल सारसबागेत गणपतीला गेले होते, तशीच पुढे नेहरू स्टेडियमवर गेले. मुलं प्रॅक्टिस करत होती. एकाला विचारलं, इथे वर्ल्ड कपच्या मॅचेस झाल्यात, माहीत आहे का रे? म्हणाला, “काकू, त्या गहुंज्याला!” घ्या.

१९८७ ची इंग्लंड-श्रीलंका मॅच मी पाहिली नाही. पण २९ फेब्रुवारी १९९६ ला तुला आजीपाशी ठेवून मी आणि मामा केनिया-वेस्ट इंडीज मॅचला गेलो होतो, वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराची बॅटिंग बघायला. केनियाचा डाव १६६ वर आटोपला तेव्हा मामा म्हणाला, “लवकर सुटतोय आपण.” पेपर अंथरूनही पायऱ्यांचा चटका बसत होता. केनियाचा जाडसर किपर तारिक इक्बाल, त्याच्या हातातून चेंडू सुटला की लोक हसायचे. आणि लाराचा झेल नेमका त्यानेच घेतला! लारा ८. मग काय, अख्खं स्टँड केनियाचं झालं. वेस्ट इंडीज ९३ वर ऑल आउट. शेजारच्या अनोळखी काकांनी खुशीत भडंगाचा पुडा माझ्यापुढे धरला, “घ्या हो ताई.” लाराला बघायला आले होते, हे मी त्यांना काही सांगितलं नाही.

नोव्हेंबर २००५ मध्ये भारत-श्रीलंका वनडे झाली, ती इथली शेवटची. महापालिकेचं आणि क्रिकेट संघटनेचं बिनसलं, आणि संघटनेने गहुंज्याला स्वतःचं मैदान बांधलं. चांगलंच आहे ते, मी नावं ठेवत नाही. पण तिथे जायचं म्हणजे गाडी, पार्किंग, दिवसाचा बेत. इथे चौकार बसला की आरडाओरडा थेट स्वयंपाकघरात यायचा; गॅस बारीक करून टीव्हीपाशी पोचेपर्यंत रिप्ले लागलेला असायचा. तुझे बाबा तर आवाजावरून विकेट की चौकार ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा चुकायचे.

सोमवारी सकाळी टेम्पो येतोय. कपाट लिफ्टमध्ये मावेल का, तेवढं बघून ठेव. आणि गहुंज्याला मॅच लागली की माझंही तिकीट काढ, पण सावलीतलं. आता चटके सोसत नाहीत.

तुझी,
आई