तिसरा चाकू

फैजपूर, गुरुवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू सकाळी नाशिकला निघालीस आणि दुपारी तुझं पार्सल आलं. मी उघडलं, रागावू नको. तिसरा चाकू! तुझी माय लगेच म्हणाली, "एकलीच जाई ऱ्हायनी का ती तोरणमाळले?" काल हेच विचारलं तर तू ताटावरून उठलीस, म्हणून तो विषय काढत नाही. चाकूबद्दलच लिहितो.

हा चांगला निवडलास. पातं चारेक इंच, रानातल्या कामाला तेवढं पुरतं. मुठीच्या दोन लाकडी पट्ट्यांमधून पोलाद शेवटपर्यंत गेलेलं दिसतं, त्यामुळे जोर पडला तरी निखळणार नाही. तो पोकळ मुठीचा, बुडाशी होकायंत्र असलेला मात्र शोकेसमध्येच राहू दे. जोडावरच मोडतात ते. आणि बारा इंची नक्षीचा घ्यायचं म्हणत होतीस, तो नको. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्यात येतं. आपला कोयता शेतीचं अवजार म्हणून सुटतो, नक्षीवाला कसा सुटेल?

हे कार्बन स्टील आहे. लिंबू कापून तसंच ठेवलंस तर काळे डाग पडतील. वापरलं की धुऊन कोरडं पुसायचं. आधीचे दोन तू चामड्याच्या म्यानात कोंबून गेलीस. चामडं ओल धरतं, एकावर गंज धरू लागलाच होता. दोन्ही बाहेर काढून मायच्या शिलाई मशीनचं तेल लावून ठेवलेत.

आणि बसून लाकूड तासताना ते मांड्यांमध्ये धरू नको. मांडीच्या आतून मोठी रक्तवाहिनी जाते, पातं निसटून तिथं लागलं तर फार वेळ मिळत नाही. कोपरं गुडघ्यांवर टेकव, पातं अंगापासून बाहेर चालव. हाताच्या टप्प्यात कोणी नको. पण हाकेच्या टप्प्यात तरी कोणी असेल का? रात्री घाट उतरवून शहाद्याला कोण नेणार तुला?

बघ, आलोच तिथं. माफ कर. तू पंचवीस वर्षांची आहेस, नोकरी करतेस, मला कळतं.

नानांचा कोयता आठवतो? ट्रकच्या कमानपाट्याचा. लोहाराने लाल करून पाणी दिलं तेव्हा तू नानांच्या खांद्यावर होतीस, फुस्स आवाजाला रडली नाहीस. मग त्याने धारेवर कानस फिरवली, ती नुसती घसरली, तर नाना म्हणाले, आता खरं पोलाद झालं. दहावीत त्याच कोयत्याने तू केळीचे घड उतरवलेस. मजुरांचा मुकादम मला म्हणाला होता, आप्पा, पोरीचा हात बसलाय. मी तेव्हा तुला सांगितलं नव्हतं.

हात बसलेल्यालाही लागतंच, ताई.

चाकू कुरिअरने पाठवू की दिवाळीला येशील तेव्हा नेशील? मामाच्या पोराला सुट्टी आहे का, विचारून ठेवलंय. तुला न विचारता. तंबू लांब लावेन म्हणतो.

तुझे
आप्पा