वेध पाळा, पण गरोदर बाईचं पाणी तोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रहण जवळ आलं की आपल्या वृत्तपत्रात स्पर्श, मध्य, मोक्ष आणि वेधांच्या वेळा छापून येतात. त्या मीही बघते. ग्रहणात जप करते, सुटल्यावर आंघोळ करून दान देते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं लिहिणं देवाधर्माविरुद्धचं कुणाला वाटायला नको.

मी सातारा जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण रात्री दहाच्या सुमाराला लागलं, वेध मात्र दुपारी एकपासूनच. रात्री शेजारून बोलावणं आलं. सून सातव्या महिन्यातली. दुपारपासून पाण्याचा घोट नाही, कूस बदलायची नाही, लघवीलाही जायचं नाही. जीभ कोरडी ठाक, नाडी धावत होती, उठवून बसवलं की डोळ्यांपुढं अंधारी. सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, पाणी नका पाजू, पोराला काही झालं तर?" त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, भीती होती. मी साखर-मिठाचं पाणी केलं, त्यात तुळशीचं पान टाकलं आणि त्यांच्याच हातानं सुनेला पाजायला लावलं.

भीती असते ती ओठाची. ग्रहणात विळीला हात लावला तर मूल फाटक्या ओठाचं होतं म्हणतात. पण बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळलेला असतो आणि टाळू तिसऱ्या महिन्यात. पोट दिसायला लागण्याआधीच हे काम उरकलेलं असतं. सातव्या महिन्यात भाजी चिरून तो ओठ फाटेल कसा? ओठ न जुळण्यामागं आनुवंशिकता असते, फिटची काही औषधं असतात, धूम्रपान असतं. पुष्कळदा नेमकं एक कारण सापडतही नाही. ग्रहण त्यात कुठंच नाही. तरी असं मूल जन्मलं की पहिला प्रश्न आईला: "ग्रहणात काय चिरलंस?" ओठ शस्त्रक्रियेनं शिवता येतो. तो प्रश्न ऐकून घेतलेली बाई मात्र पोराकडं बघून वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत राहते. अशा आया मी पाहिल्या आहेत. विज्ञानानं इथं देवावर नाही, त्या आईवरच्या आरोपावर घाव घातला आहे, आणि म्हणून मला ते मोलाचं वाटतं.

ही माहिती परकी आहे असंही नाही. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला, हे आर्यभटानं पाचव्या शतकाच्या अखेरीस श्लोकात सांगून ठेवलं. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचला. त्यावर आपली पंचांगं पिढ्यान् पिढ्या चालली, आणि त्यातलं ग्रहणाचं गणित बिंबाचं आणि छायेचंच आहे. सावली आहे हे ठाऊक असणाऱ्या घरांतही स्नान, दान, जप थांबले नाहीत. श्रद्धेचं काम तिथं मन स्थिर करण्याचं होतं आणि ते आजही आहे.

शास्त्रकारांनीही बालक, वृद्ध आणि आजारी यांच्यासाठी वेधांची सूट दिली आहे आणि आपली पंचांगं गर्भवतींनाही ती देतात. घरात ती ओळ कुणी वाचत नाही.

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. आपल्याकडं ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. दिवस आषाढी अमावास्येचा, सोमवारचा. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधीचे, म्हणजे कडक पाळणाऱ्या घरात पहाटेपासून संध्याकाळपर्यंत गरोदर बाई उपाशी आणि तहानलेली राहणार. माझी विनंती एवढीच, की त्या दिवशी वेधांच्या वेळा छापाल त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरांत हेही छापा: गरोदर स्त्रियांनी पाणी, जेवण आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्याव्यात; पोटात दुखलं, अंगावरून गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर मोक्षाची वाट न बघता दवाखाना गाठावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा